हृदयाचा निरोप

हृदय म्हणजे रक्त ढकलणारा पंप, असें आपण शारीरशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत शिकतों. विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचें जें विवेचन प्रसिद्ध केलें, त्यावर हें ज्ञान उभें आहे. तें खरें आहे; परंतु पुरें नाहीं.

इ. स. १९८१ मध्यें कॅनडांतील किंग्स्टन येथें आदोल्फो द बोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं उंदराच्या हृदयांतील कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांस टोंचला. थोड्याच वेळांत त्यांच्या मूत्रावाटे मीठ व पाणी विपुल बाहेर पडूं लागलें. जवनिकांच्या अर्कानें मात्र तसें घडलें नाहीं. कर्णिका ही एक प्रकारची ग्रंथिही आहे, हें यावरून उघड झालें.

शरीरांत मीठपाणी वाढून रक्ताचा भार अधिक झाला म्हणजे कर्णिकेच्या भिंती ताणल्या जातात, आणि तिचा अंतःस्राव रक्तांत मिसळतो. मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणें बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नांवाचा स्राव करून शरीरांत मीठ राखून ठेवितात. हृदयाचा निरोप पोहोंचतांच त्या हात आखडता घेतात.

या कामीं हृदयास एक सोबती आहे. डोपामाईन हें नांव मेंदूच्या संबंधांत आपण ऐकलें असेल. परंतु मूत्रपिंडेंही तें स्वतः तयार करितात. तें मीठ परत शोषलें जाऊं देत नाहीं, व अधिवृक्क ग्रंथींसही लगाम घालतें. प्राण्यांवरील प्रयोगांत डोपामाईनचें कार्य औषधानें रोखलें असतां हृदयस्रावाचा प्रभावही उणा झालेला आढळला.

मग हृदय दुर्बळ झालेल्या रोग्याचे पाय कां सुजतात? त्याचें हृदय निरोप धाडीतच असतें, किंबहुना पूर्वीपेक्षां अधिक धाडतें. परंतु मूत्रपिंडांस रक्त कमी मिळाल्यामुळें शरीरांत पाणीच उणें आहे असा त्यांचा समज होतो. अल्डोस्टेरॉन वाढतें, आणि मीठपाणी सांचत जातें. म्हणून वैद्यकांत आज रक्तांतील हृदयस्राव मोजून निदानास साहाय्य घेतात, आणि अल्डोस्टेरॉनला रोखणारीं औषधें अशा रोग्यांस देतात.

घरांतील वडील माणसाच्या सुजलेल्या पायावर बोट दाबल्यास खळगा राहत असेल आणि थोड्या श्रमानें धाप लागत असेल, तर तो केवळ वयाचा थकवा समजूं नका. त्यांस त्वरित डॉक्टरांकडे न्या.