खंडशः संकलन आणि एक लाल शेरा

नाहूर स्थानकाच्या पश्चिमेस ज्या खाजगी शिकवणीत माझे बारावीचे गणित झाले, तिचे नाव मी घेत नाही; परंतु तेथील शिक्षकांनी माझ्या उत्तरपत्रिकेवर ओढलेली लाल रेघ, इतका काळ लोटूनही, मला अन्याय्यच वाटते. क्ष-घन आणि ‘ई’चा क्ष-वर्ग घात यांच्या गुणाकाराचे संकलन करावयाचे होते. फळ्याच्या कोपऱ्यात कोणते फलन ‘पहिले’ घ्यायचे हे ठरवणारा ‘आयलेट’चा क्रम फर्मानासारखा कायम लिहिलेला असे, आणि त्याबरहुकूम बैजिक पद, म्हणजे सबंध क्ष-घन, ‘पहिले’ मानणे भाग होते. परंतु तसे केल्यास घातीय पद एकटे उरते, आणि त्याचे संकलन परिचित फलनांत लिहिताच येत नाही. म्हणून मी क्ष-वर्ग पहिला घेतला, उरलेला क्ष घातीय पदासोबत ठेवला, आणि दोन ओळींत उत्तर आले: घातीय पद गुणिले (क्ष-वर्ग उणे एक), या सर्वाचे निम्मे. शेरा मिळाला ‘क्रम मोडला’, गुण शून्य. दाद मागितली, तेव्हा भर वर्गात ऐकवण्यात आले की परीक्षेत शहाणपण चालत नाही.

असाच एक क्रम हर्बर्ट कासुबे यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला, तो एक तंत्र म्हणून. कायदा म्हणून नव्हे. खंडशः संकलनाची मूळ रीत ब्रूक टेलर यांच्या १७१५ सालच्या ग्रंथापर्यंत मागे जाते, आणि तिचे मर्म इतकेच की विकलनाचा भार एका फलनावरून दुसऱ्यावर हलवता येतो.

त्याचे मोल मला कळले ते पुढे तुळयांच्या गणनेचे काम पत्करल्यावर. तुळईच्या वाकण्याचे समीकरण चौथ्या कोटीचे. फायनाइट एलिमेंटच्या रीतीत दोनदा खंडशः संकलन केले की दोन विकलने एका फलनाकडे आणि दोन दुसऱ्याकडे अशी वाटणी होते, आणि सीमेवर जी पदे उरतात, तीच टोकांचा शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट! ज्या सीमापदांकडे वर्गात कोणी ढुंकून पाहिले नाही, त्यांतच तुळईच्या आधारांचा सारा हिशेब होता.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, सराव भरपूर करा, हे सर्वच सांगतात. मी सांगतो: पहिले फलन निवडण्यापूर्वी दुसऱ्याचे संकलन आपल्याला येते का, हे पाहा, सीमापद शून्य आहे असे सिद्ध केल्याविना ते पुसू नका, आणि आलेल्या उत्तराचे विकलन करून मूळ फलन परत मिळते का, ते ताडून घ्या. माझ्या शिक्षकांनी एवढी शेवटची तसदी घेतली असती, तर ती रेघ ओढण्यापूर्वीच त्यांचा हात थांबला असता.