सडसडीत देह आणि रक्तातील मेद

रक्तातील वाढलेला मेद हा स्थूल माणसांचा विकार आहे, ही समजूत पुण्याच्या सुशिक्षित घरांतही इतकी घट्ट रुजलेली आहे की सडसडीत बांध्याच्या माणसाला रक्त तपासण्याचा सल्ला बहुधा कोणी देत नाही आणि दिला तरी तो घेतला जात नाही. वास्तविक या समजुतीच्या मुळाशी असलेल्या कल्पनेचे, म्हणजे सडसडीत देहात चरबी कमीच असते या गृहीतकाचे, खंडन पुण्यातूनच झालेले आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना मांडली. दोघांचाही देहभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ होता; परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के भरली. पुणे परिसरातील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात तर ही ठेवण जन्मतःच आढळली, कारण तेथील बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने राखलेली होती.

हे सारे वाचलेले असूनही प्रस्तुत लेखकाने स्वतःला त्यातून वगळले, ही या लेखामागची खंत आहे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे शरीर इंधन म्हणून साठवते तो मेद, एका डेसिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावा असे मानले जाते. लेखकाच्या अहवालात तो ३१० आला, तेव्हा वजन चौसष्ट किलोच असल्याच्या समाधानात तो कागद दीड वर्ष कपाटात पडून राहिला. पुढे भीतीपोटी तूप आणि तळण पूर्ण बंद झाले, सोमवार आणि चतुर्थीचे उपवास सुरू झाले, त्या उपवासांना साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस आला, संध्याकाळी फळांचा रस आला, आणि पुढच्या अहवालात आकडा ३९० झाला.

याचे कारण यकृतात आहे. गरजेपेक्षा अधिक आलेली साखर आणि पिष्ट पदार्थ यांचे यकृत मेदात रूपांतर करते आणि मेद पाण्यात विरघळत नसल्यामुळे प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून तो रक्तात सोडते. म्हणून ताटातले तूप गेले तरी साबुदाणा, आमरस, श्रीखंड आणि विशेषतः मद्य हा आकडा चढवू शकतात. तो ५०० च्या पुढे गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो, आणि ही सूज जिवावर बेतू शकते. अनियंत्रित मधुमेह आणि थायरॉइडची मंदावलेली क्रिया यांमुळेही मेद वाढतो, त्यामुळे केवळ पथ्यावर विसंबण्यापूर्वी त्या दोन्ही तपासण्या करून घेणे आवश्यक ठरते.

ट्रायग्लिसराइडखेरीज रक्तातला दुसरा मेद म्हणजे कोलेस्टेरॉल; धमन्यांच्या भिंतींत साचणारा हा मेद मुख्यतः एलडीएल या कणांतून येतो. निरोगी माणसात एलडीएलचे प्रमाण त्याच मापात १०० च्या आत असावे, हृदयविकार झालेल्या व्यक्तीत ते ७० च्या किंवा ५५ च्याही खाली आणावे, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे अहवालावर छापलेली मर्यादा सर्वांना सारखी लागू नसते. अनेक प्रयोगशाळा हा आकडा प्रत्यक्ष मोजत नाहीत, तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल या दुसऱ्या प्रकारच्या कणांतील कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यास हे गणित विश्वासार्ह राहत नाही. अशा वेळी उपाशीपोटी पुन्हा रक्त देणे किंवा एलडीएल थेट मोजून घेणे इष्ट असते.

लेखकाची दुसरी चूक एलडीएल कमी करण्यासाठी दिलेल्या स्टॅटिनच्या गोळीच्या बाबतीत घडली. स्टॅटिन हे औषध यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मितीचे एक विकर रोखते, त्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. परंतु हे रोखणे औषध चालू असेपर्यंतच टिकते. अहवाल उत्तम आला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली गेली, आणि तीन महिन्यांत एलडीएल पूर्वीच्या पातळीवर परतले. स्नायू दुखू लागले तरीही गोळी परस्पर सोडू नये, कारण मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हे पर्याय डॉक्टरांकडे असतात. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर घरातील तरुणांचीही तपासणी व्हावी. लेखकाच्या घरात ती झाली तेव्हा सर्वांत किडकिडीत असलेल्या धाकट्या भावाचे एलडीएल १८८ निघाले.