तेल पडते एका जागी, निघते दुसऱ्या जागी

कापडाच्या व्यापाऱ्याने इंजिनावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण मालेगावचा ग्रे माल भिवंडीला पोहोचवण्यासाठी ज्यांनी स्वतःची एखादी जुनी सहाचाकी ठेवली आहे, त्यांना आमचे दुखणे लगेच कळेल. तागा हाती आला की त्याचे रीड-पीक आपण बोटाने सांगतो. इंजिनाखाली काळा डाग दिसला की मात्र मिस्त्री सांगेल ते खरे मानतो.

सन २०१२ साली आम्ही असेच मानले. रात्री गाडी उभी केली की सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली थाळीएवढा डाग पडलेला असे. गॅरेजवाल्याने वाकून पाहिले आणि क्रँकचे मागचे सील गेल्याचे सांगितले. गिअरबॉक्स उतरला, क्लच निघाला, नवे सील बसले. तीन दिवस गाडी उभी, एका पार्टीचा माल भाड्याच्या गाडीने पाठवला. चौथ्या सकाळी डाग पुन्हा त्याच जागी. तेल वरचेवर भरावे लागत असल्याने ड्रायव्हर पाच लिटरचा कॅन बॉडीत गठाणींमागे ठेवू लागला होता. कसाऱ्याच्या घाटात तो कलंडला आणि चार तागे बाद झाले. म्हणजे गळती इंजिनाची, आणि डाग आमच्या मालावर.

शेवटी एका बुजुर्ग मिस्त्रीकडे गेलो. ते म्हणाले, "सेठ, इंजिन धुतल्याशिवाय कोणी तोंड उघडू नये." त्या दिवशी जे शिकलो ते येथे मांडतो. हे सारे जुन्या डिझेल गाड्यांबद्दल आहे. नव्या बीएस-६ गाड्यांची रचना वेगळी आहे.

तेल निघाले की ते उतारावरून खाली येते, आणि गाडी धावत असताना वारा व पंख्याची हवा त्याला मागे ढकलते. म्हणून थेंब जेथे पडतो तेथे दोष असेलच असे नाही. दोष बहुधा थेंबाच्या वर आणि पुढे असतो. जेथे ओलावा दिसतो त्यातली सर्वात उंच जागा शोधणे, हेच खरे निदान.

पहिली गोष्ट, गळणारा पदार्थ कोणता ते ठरवा. आपल्या धंद्यात चिंधीला तोटा नाही. ग्रे कापडाचा एक मोठा तुकडा रात्री इंजिनाखाली अंथरा आणि पुढच्या चाकांची जागा खडूने आखून ठेवा. सकाळी कापडच बोलते. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळे असते. गिअर ऑइल जाड, त्याला गंधकासारखा उग्र वास. डिझेल पातळ, आणि वासाने लगेच ओळखू येते. इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्यातून गळणारे तेल गिअर ऑइल निघाले, तर क्रँकच्या सीलला हात लावण्याचे कारणच नाही. दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा. एवढ्या तपासणीला खर्च शून्य, तरी किती मालक ती करतात?

नंतर धुणे. इंजिन थंड असावे. डायनामो, सेल्फ आणि एअर क्लीनरचे तोंड प्लास्टिकने बांधून, ब्रशने डिझेल लावून चिखल-तेलाचा थर काढावा, साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावे. मग संशयाच्या जागी खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर उडवावी. इंजिन गरम होईपर्यंत चालवून टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यावे: टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची बैठक, बाजूची कव्हरे, पुढच्या पुलीमागचे सील, आणि सर्वांत शेवटी चेंबर व त्याचा ड्रेन बोल्ट. पांढऱ्या भुकटीत काळी रेघ उमटते. गळती मंद असेल तर एक खेप मारून पुन्हा पाहावे. ऑइल प्रेशरचा स्विच ही अगदी लहान वस्तू आहे, पण तेथे तेल दाबाखाली असते. तो फुटला तर सारी बाजू भिजते आणि मालकाला वाटते की इंजिनच गेले.

आमच्या गाडीत रेघ उमटली टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. तेथून तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरून सांध्याखाली ठिबकत होते. तीन दिवसांचे काम व्यर्थ गेले होते.

पण बुजुर्गांनी लगेच पॅकिंग बदलली नाही. इंजिन चालू ठेवून त्यांनी तेल भरायचे झाकण सैल केले, तर झाकण नाचू लागले. प्रत्येक इंजिनात थोडी जळकी हवा पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरमध्ये येते आणि ब्रीदरच्या नळीतून बाहेर जाते. ब्रीदर तुंबला की ती हवा आत कोंडते आणि जी पॅकिंग किंवा सील कमजोर असेल तेथून तेलाला बाहेर ढकलते. अशा वेळी एक सांधा बंद केला तर दुसरा गळू लागतो. आमच्या ब्रीदरची जाळी काळ्या गाळाने बंद झाली होती. ती डिझेलमध्ये धुतली आणि झाकणाचे नाचणे थांबले. जाळी साफ असून ब्रीदरमधून जोराने धूर येत असेल, तर मात्र रिंगा झिजल्या असे समजावे. तेथे सील बदलून काही हाती येणार नाही. (पट्टीवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरणे हेही गळतीचे एक कारण आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टी पाहावी.)

पॅकिंग बसवताना घाई नको. पत्र्याचे कव्हर बोल्टच्या भोकांपाशी वाकलेले असते, ते सपाट जागेवर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करावे. जुन्या पॅकिंगचा कणही राहू नये, दोन्ही बाजू कोरड्या असाव्यात. सिलिकॉन लावायचेच तर पातळ रेघ पुरे; आत लोंबणारा गोळा तुटून चेंबरच्या जाळीत अडकला तर इंजिनाला तेलच मिळणार नाही. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळावेत. "अजून एक पिळा" देणारा हेल्पर कॉर्कची पॅकिंग चिरडून टाकतो.

मागचे सील खरेच गेले असेल तर ते बदलणे टाळू नये. तेल क्लच प्लेटवर गेले की घाटात क्लच घसरतो. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी पाहून घ्यावे, मजुरी दुसऱ्यांदा लागत नाही. जुन्या सीलच्या ओठाने क्रँकवर खाच पाडली आहे का, हे नखाने तपासावे. खाच असेल तर नवे सील किंचित पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागी आणता येतो, किंवा वर पातळ स्लीव्ह चढवतात. सीलचा ओठ तेलाच्या बाजूला असावा, त्याला तेलाचे बोट लावावे, आणि लाकडी ठोकळ्याने चारी बाजूंनी सारखे ठोकावे.

गळती थांबवण्याच्या बाटल्या बाजारात मिळतात. काही दिवस निभावतात, इतकेच. आणि तेल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडत असेल, तर कापड भरलेली गाडी एक दिवसही चालवू नये. आग लागू शकते.

जुनी गाडी विकत घेणारांनी एवढे पाहावे: बाकी गाडी धुळकट आणि इंजिन तेवढे चकाचक धुतलेले, तर सौदा लगेच करू नये. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, खाली कापड अंथरून, रात्रभर उभी करण्याची अट घालावी.