धूर हा चुलीचा धर्म नव्हे



या वेळच्या आरोग्य पानावर आपण रोजच्या चुलीचा अभ्यास करणार आहोत. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्याही वस्त्यांमध्ये गॅसच्या शेगड्या आल्या. पण टाकी संपली, हातात पैसे नसले, शेतात मजुरी मिळाली नाही, की चूल पुन्हा पेटते. अनेक घरांत चहा गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर असे चालते. यात लाजण्यासारखे काही नाही. गॅस हाच चांगला मार्ग आहे आणि तो परवडेल तितका वापरावाच. पण जोवर घरात चूल पेटते आहे, तोवर ती नीट पेटली पाहिजे. त्यासाठी हा धडा.

आपल्याकडे म्हणतात, "चूल म्हटली की धूर आलाच." हे खरे नाही. धूर म्हणजे न जळलेले सरपण. आपण डोक्यावरून मोळी वाहून आणतो आणि त्यातला काही भाग न जळताच हवेत सोडून देतो. धूर जास्त दिसला तर समजावे की सरपण ओले आहे, चुलीला खालून हवा नाही, किंवा धुराला बाहेर जायला वाट नाही. तिन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

धूर शरीरात काय करतो?

धुरात काजळीचे फार बारीक कण असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शिवाय कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील चुली-शेगड्यांच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख लोकांचा मृत्यू झाला. अशा धुरात वाढणाऱ्या लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो.

बायांच्या दुखण्याकडे मात्र लक्ष जात नाही. दम लागतो, खोकला जात नाही, म्हणून बाई दवाखान्यात जाते. तिला विचारले जाते, "विडी ओढता का?" ती म्हणते, नाही. विषय तिथेच संपतो. पुण्याचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी डॉ. पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याच प्रश्नावर लेख लिहिला. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही मोठ्या प्रमाणात होतो आणि लाकूड, शेण, काडीकचऱ्याचा धूर हे त्याचे एक मोठे कारण आहे, हे त्यांनी मांडले.

म्हणून आमची पहिली सूचना अशी : डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतः सांगा, "मी इतकी वर्षे चुलीवर स्वयंपाक करते." खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्या. दम लागत असेल तर फुंकून करायची श्वासाची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, कुठे होते ते विचारा.

लहान मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.

सरपण : कोरडे, बारीक, स्वच्छ

खान्देशात कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटी मिळते. तुराट्या, ज्वारीची धसकटे, बाभळीची लाकडे आणि गोवऱ्या हे आपले जळण. पऱ्हाटी आणि तुराट्या लवकर पेटतात, पण लवकर विझतातही. त्या थोड्या-थोड्या सारत राहाव्या लागतात. बाभूळ टिकते आणि चांगला आर देते. गोवऱ्या लाकडापेक्षा जास्त धूर करतात. घरात गोवऱ्या कमीत कमी वापराव्यात.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. ते पाणी उडवण्यातच आपला जाळ खर्च होतो. म्हणून लाकूड आधी फोडून ठेवावे. मनगटाएवढ्या जाडीचे तुकडे लवकर वाळतात. दोन लाकडे एकमेकांवर आपटली तर कोरड्यांचा टणटण आवाज येतो, ओल्यांचा बद्द. पावसाळ्याआधी निदान महिनाभराचे सरपण विटांवर किंवा फळीवर, जमिनीपासून वर रचून वरून झाकावे. बाजू मोकळ्या ठेवाव्यात. सरपणात विंचू-साप बसतात. हात घालण्याआधी काठीने आपटावे.

चुलीत काय घालू नये, हेही पाठ करा : प्लॅस्टिकच्या पिशव्या, सायकलची ट्यूब, टायर, रंग दिलेली लाकडे, प्लायवूड, फवारणीच्या औषधांच्या बाटल्या आणि कण्हेरीची लाकडे. ट्यूबचा तुकडा लावून चूल पेटवायची सवय बऱ्याच घरांत आहे. तो धूर लाकडाच्या धुराहून घातक असतो. त्याऐवजी वाळलेला पाला किंवा पऱ्हाटीच्या टोकाकडच्या बारीक काड्या डबा भरून कोरड्या ठेवाव्यात. आणि अशा वस्तू जाळलेल्या चुलीची राख भांडी घासायला घेऊ नये.

हवा खालून, धूर वरून

चुलीच्या तळाशी लाकूड थेट राखेवर पडले की त्याला हवा मिळत नाही. मग आपण फुंकणी घेऊन वाकतो आणि सगळा धूर आपल्याच तोंडावर येतो. उपाय सोपा आहे. चुलीत दोन-तीन बोटे उंचीवर लोखंडी सळ्यांची जाळी ठेवावी. लाकूड जाळीवर, राख खाली, हवा मधून. चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरू नये. निम्मे मोकळे ठेवावे. जाळाचे टोक भांड्याच्या बुडाला लागावे, पण भांड्याने जाळ दाबला जाऊ नये. भांडे फार खाली बसले की काजळी धरते.

धुराला वाट हवी. सुधारित चुलीत मागच्या बाजूला पाइप असतो, त्याला आपण धुराडे म्हणतो. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल महाराष्ट्रात पोचवली. गावात अशी चूल बांधणारा कारागीर असेल तर त्याच्याकडून बांधून घ्यावी. पाइप सरळ उभा असावा आणि छताच्या सर्वांत उंच भागाच्या किमान दोन फूट वर जावा. वर पावसासाठी टोपी हवी. पाइप जिथून छताबाहेर जातो तिथे वासा, फ्लेक्स किंवा प्लॅस्टिक त्याला टेकता कामा नये. चारही बाजूंनी वीतभर जागा सोडून तिथे पत्र्याचा तुकडा बसवावा. जुने सिमेंटचे पाइप कापू किंवा घासू नयेत. त्यांत अस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला अपाय करते.

धुराडे शक्य नसेल तर चूल दाराजवळ आणावी आणि समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला झरोका पाडावा. सर्वांत चांगले म्हणजे अंगणात पत्र्याच्या आडोशाला चूल मांडणे. विचार करा : भरताची वांगी भाजायला आपण बाहेरच जाळ करतो. बट्ट्या गोवऱ्यांच्या आरावर बाहेरच भाजतो. कारण तो धूर घरात सोसत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मग रोजच्या भाकरीचा आणि पाणी तापवण्याचा धूर तरी घरात का सोसायचा?

जाळ वाचवला की धूरही कमी होतो. डाळ आणि कडधान्ये भिजत घालावीत, भांड्यावर झाकण ठेवावे, कुकर असेल तर तो चुलीवरही चालतो. चुलीपाशी काम चालू असताना तान्हे बाळ मांडीवर किंवा पाठीवर नको. घरातल्या दुसऱ्या माणसाने त्याला बाहेर घ्यावे.

देखभाल नसेल तर सुधारित चूलही निकामी

ओडिशात सुमारे २,६०० घरांमध्ये सुधारित चुलींचा काही वर्षे अभ्यास झाला. पहिल्या वर्षी बायांच्या श्वासातून जाणारा धूर कमी झाला. पुढे फायदा दिसेनासा झाला. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही झाली नाही, हे त्याचे कारण. म्हणजे चूल मिळणे हे अर्धेच काम. बाकीचे अर्धे असे :

रोज : चूल पूर्ण थंड झाल्यावर जाळीखालची राख काढावी.

आठवड्याला : चूल सारवताना भेगा पाहाव्यात. माती, शेण आणि भुसा कालवून भेगा बुजवाव्यात. भेगेतून धूर घरात येतो.

महिन्याला : चूल थंड असताना पाइप वरून-खालून साफ करावा. लांब काठीला चिंध्या किंवा काथ्याचा बोळा बांधून काजळी पाडावी. नाका-तोंडाला ओला रुमाल बांधावा. साचलेली काजळी वाट अडवते आणि कधी पाइपच्या आत पेटही घेते.

पावसाळ्यापूर्वी : टोपी, पत्रा, पाइपचे जोड तपासावेत.

छतावर चढायचे काम घरातल्या पुरुषांनी करावे. भाकरी सगळे खातात, तर धुराडे साफ करणे एकट्या बाईचे काम कसे?

धूर नसतानाही धोका

हिवाळ्यात धुळे-जळगावचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. मग निखाऱ्यांची शेगडी घरात घेऊन दार बंद केले जाते. बाळंतिणीच्या बाजेखालीही शेगडी ठेवतात, धुरी देतात. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निर्धोक वाटतात. पण कार्बन मोनॉक्साइड तिथूनच निघतो. बंद खोलीत झोपेतच माणूस बेशुद्ध होतो आणि जीवही जातो. डोके जड होणे, चक्कर, मळमळ, गुंगी, आणि हे एकाच वेळी घरातल्या सगळ्यांना होणे, ही त्याची खूण. आधी दार-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. निखारे घेऊन कधीही झोपू नका. बाळ-बाळंतिणीला गोधडी, टोपरे, मोजे आणि आईची ऊब पुरते.

आग आणि भाजणे

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वारा सुटतो. पत्रे, फळ्या, ताडपत्री एकमेकांना टेकलेल्या वस्तीत एक ठिणगी दहा घरे घेते. म्हणून :

चुलीपासून तीन-चार फुटांत सरपण, कपडे, प्लॅस्टिक नको. गॅसची टाकी त्याहूनही दूर हवी. स्वयंपाकाच्या वेळी पाण्याची बादली आणि वाळूची घमेली जवळ असावी. चूल पेटवायला किंवा मंद जाळावर रॉकेल-पेट्रोल ओतू नये. नायलॉनच्या साडीऐवजी सुती साडी असावी, पदर खोचलेला असावा. राखेत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. राख पाणी शिंपडून पूर्ण विझवावी आणि मगच उकिरड्यावर टाकावी. दुपारी सोसाट्याचा वारा असेल तर उघड्यावर चूल पेटवू नये.

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर लोळा, दुसऱ्याने जाड चादर किंवा घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. सूज येण्याआधी बांगड्या-अंगठ्या काढाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा लहान मूल असेल तर थेट मोठे रुग्णालय गाठावे : जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सुधारित चुलीने धूर कमी होतो, पण शून्य होत नाही. घरात थोडाच गॅस असेल तर तो पावसाळ्यात, आजारी माणसासाठी आणि तान्हे बाळ घरात असताना वापरण्यासाठी राखून ठेवावा.

विहारात करायचा अभ्यास

पुढच्या रविवारी महिला मंडळाने हा धडा वाचून दाखवावा आणि पुढील प्रश्नांवर बोलावे. घरातल्या पुरुषांनाही बोलवावे.

१. आपल्या वस्तीत किती घरांत चूल आत आहे आणि किती घरांत बाहेर? किती चुलींना धुराडे आहे?

२. कोणाच्या घरी जाळी नाही? भंगारातल्या सळ्या वापरून ती कोण बनवून देईल?

३. बऱ्याच दिवसांचा खोकला किंवा दम कोणाला आहे? त्यांना तपासणीला कोण घेऊन जाईल?

४. कोणत्या घराला अजून गॅसची जोडणी नाही? कोणता कागद अडला आहे? तो मिळवायला सोबत कोण जाईल?

उत्तरे वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तीच वही पुन्हा उघडा आणि किती घरांतला धूर कमी झाला ते पाहा.