दूध वगळलं म्हणून गोड पदार्थ निर्धोक होत नाही

सणावाराचं गोडधोड करायची वेळ आली की हल्ली एक सल्ला सर्रास ऐकू येतो. लेकराला ॲलर्जी आहे ना, मग दूध-तूप बंद करा आणि व्हीगन मिठाई करा. दुधाच्या जागी सोयाबीनचं दूध, खव्याच्या जागी काजूची पेस्ट, तुपाच्या जागी घाण्याचं शेंगदाणा तेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ही यादी पुन्हा एकदा वाचा. सोयाबीन, काजू आणि शेंगदाणा, तिन्ही ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांपैकी आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) 2020 च्या लेबल-नियमांत ज्या घटकांची ॲलर्जी-सूचना पाकिटावर छापावीच लागते, त्यांत दूध आणि अंड्याबरोबर ही तिन्ही येतात, आणि गहूही येतो. 2022 च्या नियमांनी आलेलं हिरवं व्हीगन चिन्ह पदार्थात प्राणिजन्य काही नाही, एवढीच हमी देतं. ते पाहून ॲलर्जी असलेल्या मुलाला वडी देणं धोक्याचं आहे. माझं म्हणणं साधं आहे: आधी नेमकं काय बाधतं ते ठरवा, मग तेवढंच काढा.

हे ठरवण्यातच सगळ्यात जास्त घोळ होतो. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात, ही बहुधा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचल्याची लक्षणं असतात. ती ॲलर्जी नव्हे. अशा बहुतेक माणसांना एका वेळी सुमारे 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण कपभर दूध, फारसा त्रास न होता चालतं. दही, चक्का आणि तूप तर त्याहून सोपं. त्यांनी पुरणपोळीवरचं तूप सोडायचं काहीच कारण नाही. दुधाची ॲलर्जी वेगळी. ती दुधातल्या प्रथिनांची असते, मुख्यतः तान्ह्या बाळांत दिसते, आणि मूल मोठं होता होता बहुतेकांची जातेही. पण ती असेपर्यंत तुपात राहिलेला प्रथिनांचा अंशदेखील तीव्र ॲलर्जीच्या मुलाला बाधू शकतो. गाईचं सोसत नाही म्हणून म्हशीचं किंवा शेळीचं दूध द्यायची पद्धत आपल्याकडे आहे. ती थांबवा, कारण या तिन्ही दुधांची प्रथिनं इतकी मिळतीजुळती असतात की शरीर त्यांत फरक करत नाही.

रक्ताची तपासणी करून घेतली की प्रश्न मिटला, असंही नाही. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत (ती 2016 साली प्रसिद्ध झाली) सुमारे 26 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. खाल्ल्यावर त्रास होतो आणि तपासणीही जुळते, असे लोक मात्र जेमतेम सव्वा टक्का निघाले. म्हणजे नुसत्या अहवालावरून वीस पदार्थ बंद करणारं घर बहुतेक वेळा विनाकारण उपाशी राहतं. काय खाल्लं, किती वेळात काय झालं, पुन्हा खाल्ल्यावर तसंच झालं का, ही हकीकत अहवालापेक्षा मोलाची. ती लिहून डॉक्टरांकडे न्या.

आता आपल्या वाशीम जिल्ह्याकडे पाहू. खरिपात इथे नजर जाईल तिथे सोयाबीन असतं. बरीच घरं दळणात गव्हाबरोबर मूठभर सोयाबीन टाकतात. पोषणाच्या दृष्टीने ते उत्तमच, पण सोयाबीनची ॲलर्जी असलेल्या पाहुण्याला ती पोळी कळणार कशी? अलीकडे चियाही पिकू लागला आहे. अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून अंड्याविना केक करायचा तर एक चमचा चिया तीन चमचे पाण्यात भिजवला की पीठ बांधून धरतो (कोरडा चिया गिळू नका, तो घशात फुगतो). पुरणाची हरभरा डाळही निर्धास्त समजू नका. हरभऱ्याने तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी मुंबईच्या संशोधकांनी 1990 च्या दशकातच प्रसिद्ध केल्या आहेत. तिळाची गोष्ट तर जास्त अडचणीची. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून पाकिटावर तिळाची सूचना सक्तीची झाली, आपल्या 2020 च्या यादीत मात्र तीळ नाही. भाजल्याने तिळाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी मरत नाही. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, घाण्याच्या तेलात उरतात. म्हणून ज्याला शेंगदाणा बाधतो त्याच्यासाठी ते 'शुद्ध' तेलच वाईट.

मग करायचं काय? दूध, गहू, सोयाबीन, तीळ, शेंगदाणा, काजू आणि हरभरा, सगळं एकदम टाळूनही गोड होतं, आणि त्यासाठी शहरातून काही मागवावं लागत नाही. राजगिऱ्याच्या लाह्या आणि गुळाचा पाक, लाडू तयार. ज्वारीच्या लाह्यांचेही होतात. कोहळ्याची बोंडं आपल्याकडे गव्हाच्या पिठाची करतात, ती ज्वारीच्या पिठाची करून पाहा. कोहळं शिजवून गुळात घोटायचं, गरम असतानाच पीठ मिसळून झाकून ठेवायचं. ज्वारीत ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नसतं, त्यामुळे थंड पाण्यात ती भुरभुरते. उकड बसली की बोंडं फुटत नाहीत. ताज्या तेलात तळा, भजी तळलेल्या तेलात नको. आणि ज्याला सीलिॲक आजार (ज्यात ग्लुटेन बाधतं) किंवा गव्हाची तीव्र ॲलर्जी आहे त्याची ज्वारी घरीच दळा, कारण चक्कीवर आधी गहू दळला असेल तर तो तुमच्या पिठात उतरतोच. मिक्सरचं भांडंही कूट-चटणीचं वेगळं ठेवा.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, थोडं थोडं दिलं की सवय होते. याला लंडनच्या 2015 च्या अभ्यासाचा आधार दिला जातो. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 बाळांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या गटात पाच वर्षांच्या वयाला सुमारे 17 टक्के मुलांना त्याची ॲलर्जी झाली, नियमित खाणाऱ्या गटात 3 टक्क्यांना. पण तो अभ्यास ॲलर्जी होऊ नये म्हणून होता. त्यामुळे निरोगी बाळाला सहा महिन्यांनंतर बारीक कूट पातळ खिरीत जरूर द्या (अख्खा दाणा नको, तो श्वासनलिकेत अडकतो). ज्याला ॲलर्जी झालीच आहे त्याच्यावर हा प्रयोग घरी करू नका. दुसरा आक्षेप, दूध गेलं तर कॅल्शियमचं काय? हा रास्त आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, राजगिऱ्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे मोठ्या मुलाचं भागवता येतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र बदामाचं, तांदळाचं किंवा घरी केलेलं सोयाबीनचं दूध आईच्या दुधाऐवजी कधीही देऊ नका. मधुमेह्यांनीही फसू नये. गूळ आणि खजूर रक्तातली साखर वाढवतातच, मग लाडू कितीही व्हीगन असो.

खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, उलट्या थांबेनात किंवा भोवळ आली तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नका. रुग्णाला आडवं करा, धाप असेल तर टेकून बसवा, आणि 108 ला फोन करा. अशा वेळी उपाय मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच. आणि एक विनंती: संक्रांतीला दुसऱ्याच्या लेकराच्या हातावर तिळगूळ ठेवण्याआधी त्याच्या आईला विचारा, आणि ती नको म्हणाली तर आग्रह करू नका.