ओळखीच्या चेहऱ्याआडची फसवणूक : अमानत, पडताळणी आणि आपली जबाबदारी

इस्लामने उपासना आणि व्यवहार यांच्यामध्ये भिंत उभी केलेली नाही. ज्या दिव्य कुरआनने नमाज कायम करण्याचा आदेश दिला, त्याच कुरआनमध्ये मापात पाप करणाऱ्यांच्या नावाने एक सूरह आहे. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या (८३) आरंभीच, स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी देणाऱ्या लोकांच्या विनाशाचा इशारा आला आहे. ह. शुऐब (अ.) यांनी मदयनच्या लोकांना एकेश्वरत्वाचे आवाहन केले, त्यासोबतच माप आणि वजन पूर्ण देण्याचीही ताकीद दिली. प्रेषितांच्या शिकवणुकीत तराजू हा श्रद्धेच्या बाहेरचा विषय कधीच नव्हता.

फसवणूक म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दूरचा, अनोळखी गुन्हेगार येतो. प्रत्यक्षात सामान्य कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी बुडवणारा माणूस अनेकदा ओळखीचाच असतो. तो मोहल्ल्यात भिशी चालवतो, आखाती देशातील नोकरीचा व्हिसा मिळवून देतो, उमराहची रक्कम घेऊन जाण्याची तारीख पुढे ढकलत राहतो, किंवा एकच भूखंड तिघांना विकतो. तो आपल्याला सलाम करतो, आपल्या घरच्या लग्नात जेवतो आणि कित्येकदा आपल्याच सफमध्ये उभा असतो. त्याच्या हाती शस्त्र नसते. आपला विश्वास हेच त्याचे भांडवल असते. म्हणूनच या विषयाचा दीनच्या प्रकाशात शांतपणे अभ्यास करणे आवश्यक आहे.

ढिगाखालचे ओले धान्य

सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार, प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले होते. विचारणा केली असता, पावसामुळे ते भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की लोकांना दिसावे म्हणून ते ओले धान्य वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे स्पष्ट बजावले.

या घटनेतील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, विक्रेता तोंडाने एक शब्दही खोटे बोललेला नव्हता. त्याने केवळ दोष झाकला होता. दोष झाकणे हीच फसवणूक ठरली. दुसरी गोष्ट अशी की, प्रेषितांनी (स.) ढिगाच्या वरच्या थरावर समाधान मानले नाही, हात आत घालून पाहिले. विक्रेत्याने दोष दाखवावा आणि पाहणाऱ्याने आत पाहावे, हे दोन्ही धडे एकाच हदीसमध्ये एकत्र आले आहेत. आपण बहुधा पहिलाच धडा सांगतो आणि दुसरा विसरतो.

विश्वासाचा व्यापार

बंगळूर येथे २००६ साली सुरू झालेल्या 'आय मॉनेटरी ॲडव्हायजरी' या समूहाची योजना व्याजमुक्त आणि हलाल गुंतवणूक म्हणून लोकांपुढे मांडली गेली होती. गुंतवणूकदारांना ठेवीदार न म्हणता भागीदार म्हटले जाई. जून २०१९ मध्ये हा डोलारा कोसळला आणि हजारो कुटुंबांची रक्कम अडकली. त्यांत बहुसंख्य मुस्लिम होते. मुलींच्या निकाहसाठी साठवलेला पैसा, निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम, विकलेले दागिने, विधवांची ठेव असे सर्व काही त्यात होते. व्याज टाळण्याची ज्यांची प्रामाणिक इच्छा होती, नेमके तेच लोक त्यात ओढले गेले, ही या प्रकरणातील सर्वांत वेदनादायक बाब आहे.

अशा योजनांची पद्धत नवी नाही. १९२० साली अमेरिकेतील बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी या इसमाने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवले. नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना 'नफा' वाटणे, एवढाच त्याचा खरा धंदा होता. त्याच्या नावावरूनच अशा योजनांना पाँझी योजना म्हणतात.

याचे गणित प्रत्येक घरात समजून घेतले पाहिजे. समजा, एखाद्याने तुमच्याकडून एक लाख रुपये घेतले आणि दरमहा पाच हजार देण्याचे वचन दिले. कोणताही व्यापार न करता, तुमच्याच एका लाखातून तो तुम्हाला वीस महिने पाच हजार देऊ शकतो. तेवढ्या काळात तुमचा विश्वास पक्का होतो. तुम्ही आणखी रक्कम गुंतवता, मेहुण्याला सांगता, बहिणीला सांगता, शेजाऱ्यालाही नेता. म्हणून 'मला वर्षभर नियमित पैसे मिळत आहेत' हा व्यवहार खरा असल्याचा पुरावा होऊ शकत नाही.

'हलाल' हा शब्द आणि हलाल व्यवहार

येथे दीनचे थोडे ज्ञान मोठे संरक्षण ठरते. इस्लामी व्यवहारशास्त्रात मुदारबा हा भागीदारीचा प्रसिद्ध प्रकार आहे. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम. नफा झाल्यास तो आधी ठरलेल्या प्रमाणात, उदाहरणार्थ निम्मा-निम्मा किंवा एक तृतीयांश-दोन तृतीयांश, वाटला जातो. तोटा झाल्यास तो भांडवलदार सोसतो आणि श्रम करणाऱ्याचे श्रम वाया जातात. मात्र त्याने निष्काळजीपणा किंवा अफरातफर केली असेल तर भरपाईची जबाबदारी त्याची असते. एका पक्षासाठी ठरावीक रक्कम हमखास ठरवली तर मुदारबा बाद होतो, यावर फिकहच्या विद्वानांचे एकमत आहे.

आता मोहल्ल्यात येणाऱ्या जाहिराती या कसोटीवर घासून पाहा. 'मुद्दल सुरक्षित, दरमहा ठरलेला नफा, आणि शंभर टक्के हलाल' असे जो म्हणतो, त्याच्या वाक्याचा शेवटचा भाग पहिल्या दोन भागांनीच खोटा पाडलेला असतो. मुद्दलाची हमी आणि वर ठरावीक वाढावा हे तर व्याजाचेच रूप आहे. म्हणजे ती योजना बुडाली नसती तरीही शरीअतच्या दृष्टीने ती हलाल नव्हतीच. धंदा कोणता, हिशेब कोण तपासतो, तोटा झाला तर काय, हे तीन प्रश्न विचारले असता अशा योजनेचा माणूस बहुधा विषय बदलतो किंवा आपल्या दीनदारीचे दाखले देऊ लागतो.

पडताळणी ही बदगुमानी आहे काय?

अनेक सज्जन माणसे प्रश्न विचारण्यास कचरतात. 'एवढा नमाजी माणूस, त्याच्यावर संशय कसा घ्यावा?' असे त्यांना वाटते. सूरह अल-हुजुरातमध्ये पुष्कळ तर्ककुतर्कांपासून दूर राहण्याचा आदेश आहेच (४९:१२). परंतु त्याच सूरहमध्ये, फासिक व्यक्तीने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याचाही आदेश आहे (४९:६). दोन्ही आदेशांत विरोध नाही. पुराव्याविना माणसाच्या चारित्र्यावर निकाल देणे ही बदगुमानी होय. व्यवहाराचे कागद मागणे म्हणजे माणसावर निकाल देणे नव्हे.

सूरह अल-बकराची २८२ वी आयत ही दिव्य कुरआनची सर्वांत दीर्घ आयत आहे आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार हा आहे. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. हा उपदेश प्रथम ज्यांना झाला ते प्रेषितांचे (स.) सोबती होते. त्यांच्याहून अधिक विश्वासू समाज कोणता? तरीही त्यांना लिहून ठेवण्यास सांगितले गेले. मग आपण 'घरचाच माणूस आहे, कागद कशाला?' असे म्हणतो तेव्हा आपण औदार्य दाखवत नसतो. एका स्पष्ट मार्गदर्शनाकडे दुर्लक्ष करत असतो.

ह. उमर (र.) यांच्याविषयी एक बोधप्रद प्रसंग कथन केला जातो. एका माणसाच्या सचोटीची ग्वाही देणाऱ्याला त्यांनी विचारले की, तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्याशी दिनार-दिरहमचा व्यवहार केला आहेस काय? त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आले तेव्हा, तू त्याला ओळखत नाहीस, असे त्यांनी सांगितले. काही कथनांत असेही येते की, तू त्याला मशिदीत नमाज पढताना पाहिले असशील, एवढेच. नमाजचे मोल कमी करणे हा त्यामागील हेतू नव्हता. नमाज ही दास आणि अल्लाह यांच्यातील बाब आहे; पैशाच्या बाबतीत माणूस कसा आहे हे पैशाच्या व्यवहारातच कळते.

शिफारस करणाऱ्याची जबाबदारी

अशा योजना पसरतात त्या शिफारशीने. चांगल्या कामाची शिफारस करणाऱ्याला त्यातून वाटा मिळतो आणि वाईट कामाची शिफारस करणाऱ्यालाही त्यातील वाटा उचलावा लागतो, हे सूरह अन्-निसामध्ये (४:८५) सांगितले आहे. कमिशनच्या मोहाने आप्तांना योजनेत ओढणाऱ्याने, अथवा चौकशी न करता आपले नाव वापरू देणाऱ्या प्रतिष्ठिताने, ही आयत पुन:पुन्हा वाचावी. मशिदीचे विश्वस्त, इमाम आणि जमातीचे पदाधिकारी यांनी कोणत्याही गुंतवणुकीच्या जाहिरातीला मिंबर, सूचनाफलक किंवा जमातीचा व्हॉट्सॲप गट उपलब्ध करून देऊ नये.

मौन कुणाच्या हिताचे?

फसवणूक उघड झाल्यावर 'समाजाची बदनामी होईल' म्हणून प्रकरण झाकण्याचा सल्ला दिला जातो. बोलणाऱ्याला गीबतीची भीती घातली जाते. या बाबतीत दीनचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. ह. फातिमा बिन्त कैस (र.) यांनी आपल्यासाठी आलेल्या दोन मागण्यांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) दोन्ही व्यक्तींमधील उणीव त्यांना मोकळेपणाने सांगितली (सहीह मुस्लिम). सल्ला विचारणाऱ्यापासून माहिती दडवणे हे सौजन्य ठरत नाही. इमाम नववी (रह.) यांनी 'रियाजुस्सालिहीन'मध्ये गीबत वैध ठरण्याचे सहा प्रसंग नोंदवले आहेत, अन्यायाविरुद्ध दाद मागणे आणि लोकांना हानीपासून सावध करणे हे त्यांपैकी दोन आहेत.

अर्थात सावध करताना जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगावे, ऐकीव गोष्टी जोडू नयेत आणि घरातील निरपराध स्त्रिया-मुलांना त्यात ओढू नये. पण झाकून ठेवलेल्या प्रत्येक फसवणुकीला पुढच्या गल्लीत नवा बळी मिळतो, हेही विसरू नये.

व्यवहारात काय करावे?

उंटाला बांधावे आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, या हदीसचा (तिर्मिजी) आशय आपल्या परिस्थितीत असा होईल :

• परदेशी नोकरीसाठी दलाल परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, ते पाहावे. नोंदणीकृत दलालालाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यांहून अधिक घेता येत नाही. पर्यटन व्हिसावर नोकरीला जाऊ नये.

• हजसाठी खासगी टूरवाल्याचे नाव शासनाच्या अधिकृत यादीत आहे का, याची खात्री करावी. रक्कम बँकेतूनच द्यावी आणि पावती घ्यावी.

• ठेव स्वीकारणाऱ्याला तसा कायदेशीर अधिकार आहे का, हे तपासावे. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर माहिती घेता येते आणि तक्रारही करता येते.

• फसवणूक झाल्यास कागद, पावत्या, संदेश जपून ठेवावेत आणि विलंब न करता पोलिसांकडे जावे. मोठ्या ठेव प्रकरणांत आर्थिक गुन्हे शाखा आणि महाराष्ट्रातील ठेवीदार संरक्षण कायदा, १९९९ यांचा आधार मिळतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

• घरातील वृद्ध आणि विधवा भगिनींना एकटे सोडू नये. मोठी रक्कम देण्यापूर्वी घरात मशवरा व्हावा. आणि जो फसला त्याला टोमणे मारू नयेत. तो आधीच खचलेला असतो.

परलोकातील दिवाळखोर

शेवटी आपण स्वतःकडे वळू या. जुनी दुचाकी विकताना तिचा दोष झाकणे, निकाह जुळवताना मुलाची नोकरी वाढवून सांगणे, परत न करण्याच्या इराद्याने उसने घेणे हेही ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणेच आहे. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार, खरा दिवाळखोर तो आहे जो कियामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. परंतु त्याने कुणाला शिवी दिली असेल, कुणावर आळ घेतला असेल, कुणाचा माल खाल्ला असेल. त्याची पुण्यकर्मे त्या लोकांना वाटली जातील आणि ती संपल्यावर त्यांची पापे याच्या माथी टाकली जातील. माणसांचा हक्क केवळ तौबाच्या शब्दांनी फिटत नाही. माल परत करावा लागतो किंवा ज्याचा हक्क आहे त्याची माफी मिळवावी लागते.

याउलट एक चित्र मक्केचे आहे. ज्या कुरैशनी प्रेषितांच्या (स.) हत्येचा कट रचला, त्यांच्याच अमानती प्रेषितांकडे (स.) ठेवलेल्या होत्या. हिजरतच्या प्रसंगी त्या एकेकाला परत करण्यासाठी त्यांनी ह. अली (र.) यांना मागे ठेवले. शत्रूचीही अमानत ज्यांनी बुडू दिली नाही, त्यांचे आपण अनुयायी आहोत.

अल्लाह आपल्याला हलाल कमाईवर समाधानी राहण्याची, अमानत जपण्याची आणि अन्यायापुढे मौन न राहण्याची सुबुद्धी देवो. आमीन.

घरातील अभ्यास बैठकीसाठी प्रश्न

१. धान्याच्या ढिगाच्या हदीसमधून विक्रेत्याने काय शिकावे आणि ग्राहकाने काय?

२. मुदारबामध्ये ठरावीक नफ्याची हमी का देता येत नाही?

३. बदगुमानी आणि पडताळणी यांतील फरक आपल्या घरातील एखाद्या व्यवहाराच्या उदाहरणाने सांगा.

४. आपल्या घरातील कोणते देणेघेणे अद्याप लिहून ठेवलेले नाही?