गुलाब पाहा, पण ओळखूनही घ्या

हार-सेहरे गुंफणारे, अत्तर व गुलाबपाणी विकणारे, गुलकंद घालणारे, रोपवाटिका चालविणारे असे आपले कितीतरी बांधव गुलाबावर पोट भरतात. पण त्यांच्यापैकी बहुतेकांना विचारले तर गुलाबाचे तीनच प्रकार सांगतील: लाल, गुलाबी आणि पिवळा. नुसत्या रंगावरून माल घेणे गिऱ्हाइकाला परवडते, व्यापाऱ्याला परवडत नाही. प्रस्तुत लेखकाने हा धडा पैसे मोजून घेतला आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

गुलाबाच्या जाती शिकण्याची सर्वात स्वस्त शाळा म्हणजे सार्वजनिक बाग. चंदीगडच्या सेक्टर १६ मध्ये झाकीर हुसेन गुलाब बाग आहे. सुमारे ३० एकरांची ही बाग १९६७ साली, चंदीगडचे पहिले मुख्य आयुक्त डॉ. एम. एस. रंधावा यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याच वर्षी राष्ट्रपती झालेल्या डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव तिला दिले गेले. त्यांना स्वतःलाही गुलाबाचा मोठा शौक होता. लुधियानाला होजिअरी किंवा सायकलच्या सुट्या भागांच्या खरेदीसाठी जाणाऱ्यांनी फेब्रुवारीत एक दिवस काढून ही बाग जरूर पाहावी. त्या महिन्यात तेथे गुलाबाचा उत्सवही भरतो.

बागेत सकाळी लवकर जावे. ऊन चढले की सुवास उडतो आणि फुले सैलावतात. आत गेल्यावर नावाच्या पाट्या आधी वाचू नयेत. आधी झाड पाहावे, मनाशी अंदाज करावा, मगच पाटी पाहावी. पाटी वाचून पाहिलेले झाड डोक्यात राहत नाही.

पहिला प्रश्न असा विचारावा की एका दांड्यावर फुले किती? लांब दांड्यावर एकच मोठे फूल, कळी निमुळती, पाकळ्यांच्या कडा बाहेर वळलेल्या, असे असेल तर ते बहुधा ‘हायब्रीड टी’ गटातले. १८६७ साली फ्रान्समध्ये आलेला ‘ला फ्रान्स’ हा या गटातला पहिला गुलाब मानतात. एका फांदीवर मध्यम आकाराच्या फुलांचा झुबका असेल तर तो ‘फ्लोरिबंडा’. दोन पांढरे गुलाब शेजारी ठेवा. ‘डॉ. होमी भाभा’ हा आपल्याच देशात डॉ. बी. पी. पाल यांनी तयार केलेला गुलाब, एका दांड्यावर मोठे फूल देणारा. जर्मनीच्या कोर्डेस यांचा १९५८ चा ‘आइसबर्ग’ मात्र झुबक्याने फुलतो. रंग एकच, पण एक फुलदाणीच्या कामाचा, दुसरा बागेच्या कडेला रांगेत लावण्याच्या कामाचा. ‘क्वीन एलिझाबेथ’ (१९५४) हा गुलाबी रंगाचा या दोहोंच्या मधला: झाड उंच, काटे कमी, फुले कधी एकेकटी तर कधी झुबक्यात.

रंगाला शेवटचा नंबर द्यावा, कारण रंग हवामानाप्रमाणे बदलतो. फ्रान्सच्या मेयाँ यांचा ‘पीस’ हा जगात फार गाजलेला गुलाब पिवळा असतो व त्याची कड गुलाबी असते. थंडीत ही कड ठसठशीत दिसते, उष्णतेत फिकटते. ‘डबल डिलाइट’ कळीत मलई रंगाचा असतो आणि ऊन लागेल तसा काठाकडून लाल होत जातो. एकाच झाडावरची दोन फुले पाहून नवख्याला दोन जाती वाटतात. आणि ‘ब्लू मून’ पाहिला म्हणजे निळा गुलाब पाहिला असे कोणी समजू नये, तो फिकट जांभळा आहे. गुलाबात निळे रंगद्रव्य नैसर्गिकरीत्या नसतेच. निळ्या गुलाबाची रोपे म्हणून जो कोणी विकत असेल त्याला लांबूनच सलाम करावा.

आपल्या बाजारातही हीच नजर लागते. पुण्याच्या फूलबाजारात ज्याला ‘डच गुलाब’ म्हणतात, तो तळेगावसारख्या ठिकाणी पॉलिहाऊसमध्ये पिकवलेला हायब्रीड टी. दांडा लांब, पाकळी जाड, टिकाऊ, पण वास जवळपास नाही. उघड्या शेतातला ‘ग्लॅडिएटर’ त्याहून निराळा. हे दोन्ही फुलदाणीचे गुलाब आहेत. यांच्या पाकळ्यांचा गुलकंद घातला तर साखरेचीच चव लागते.

आता ती हकीकत. गुलकंद व गुलाबपाण्यासाठी प्रस्तुत लेखकाने एका रोपवाटिकेतून ‘चैती गुलाब’ म्हणून शंभर रोपे आणली. चैती गुलाब म्हणजे अत्तराचा दमास्क गुलाब. दुसऱ्या वर्षी फुले आली ती लालभडक, वर्षभर थोडी थोडी येणारी आणि वासाला अगदी मंद. दोन वर्षांची जमीन, पाणी आणि मजुरी वाया गेली.

चूक विकणाऱ्याची होतीच, पण न पाहण्याची चूक आमची. चैती गुलाब वर्षातून एकदाच, वसंतात, काही आठवडे फुलतो. फूल मध्यम आकाराचे, फिकट गुलाबी, पाकळ्या सैल. फांदीवर लहानमोठ्या काट्यांची दाटी असते, पान मऊ व फिकट हिरवे असते. सर्वात मोठी खूण जमिनीपाशी असते. चैती गुलाबाची लागवड सामान्यतः फांदीच्या छाटापासून करतात. बागेचे रंगीत गुलाब मात्र दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार करतात, म्हणून त्यांच्या बुडाशी गाठीसारखा सांधा दिसतो. आमच्या शंभर रोपांना तो सांधा होता. तेथेच विचारायला हवे होते.

हा सांधा आणखी एका कामी येतो. सांध्याच्या खालून फुटलेला फुटवा खुंटाचा असतो. तो जोमाने वाढतो आणि वरची चांगली जात मारून टाकतो. पुष्कळ लोक ‘झाडाने जात बदलली’ म्हणतात ते हेच. फुटवा दिसताच मुळापाशी उकरून ओढून काढावा. नुसता कापल्यास पुन्हा फुटतो.

अत्तराच्या धंद्यात तर चुकीला क्षमा नाही. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. कनौजचे कारागीर पहाटे तोडलेली फुले तांब्याच्या देगेत घालून वाफ भपक्यात उतरवतात. देगेत चुकीची जात गेली तर सरपण जळते आणि हाती नुसते पाणी येते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने दमास्क गुलाबाची ‘नूरजहाँ’ ही जात काढली आहे. मोठी लागवड करणाऱ्यांनी रोपांची चौकशी अशा संस्थेकडे करावी. गुलकंदापुरते पाहिल्यास एडवर्ड गुलाबही चालतो. तो वर्षातून अनेकदा फुलतो, पण त्यात तेल कमी.

चंदीगड ज्यांना दूर पडते त्यांनी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन गाठावे. बरोबर एक वही ठेवावी आणि प्रत्येक गुलाबासाठी पाच रकाने आखावेत: दांड्यावर फुले किती, कळीचा आकार, काटे, पान, वास. रंगाचा रकाना सहावा. पाटीवरचे नाव सर्वात शेवटी लिहावे, तेही त्याच नावाची दोन-तीन झाडे ताडून पाहिल्यावर, कारण पाट्या हलतात आणि मेलेल्या झाडाच्या जागी माळी दुसरेच झाड लावून मोकळा होतो.